कागदातले अगत्य

दिवाळीचे पाहुणे परतीच्या वाटेला लागतात न लागतात, तोच म्हसवडला दुसऱ्या पाहुण्यांची वाट पाहणे सुरू होते. सातारा जिल्ह्याच्या पूर्व अंगास, माणगंगेच्या काठी वसलेले हे गाव सिद्धनाथाचे. दिवाळीच्या पाडव्यास देवाचे घट बसतात. तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत सिद्धनाथ आणि जोगेश्वरी यांचा विवाह लागतो. आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस, म्हणजे देवदिवाळीच्या दिवशी, देवाचा रथ निघतो. साऱ्या गावाचे महिनाभर लग्नघर झालेले असते म्हणा ना!

लग्नघराला पाहुण्यांवाचून शोभा नाही. परंतु माणदेशातल्या पाहुण्याचे वैशिष्ट्य असे की, तो पुष्कळदा घरचाच माणूस असतो. सह्याद्रीने अडविलेल्या पावसाचा जो थोडासा अंश पूर्वेकडे उरतो, त्यावर हा मुलूख आजवर जगत आला. ज्वारी-बाजरी पिकली तर पिकली. नाहीतर धाकट्याने मेंढरे राखावी आणि थोरल्याने मुंबईची वाट धरावी, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. कोणी गिरणीत गेला, कोणी गोदीत. शेजारच्या खानापूर-आटपाडी भागातील माणसे तर सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्याच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यांत पांगली. अशी माणसे वर्षाकाठी एकदा घरी येतात तेव्हा त्यांना घरचे म्हणावे की पाहुणे म्हणावे, हा प्रश्न ओसरीवरच्या म्हातारीलाही सुटत नाही. म्हणून ती दोन्ही नाती एकदमच निभावते. दाराशी आल्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकते आणि ‘एवढा का वाळलास?’ म्हणून रागेही भरते.

या साऱ्या वागण्याला मराठीत एक गोड शब्द आहे : अगत्य. अगत्य म्हणजे पाहुण्याला चार पदार्थ अधिक वाढणे नव्हे. तो यायच्या आधीच त्याची आठवण काढून काही तरी करून ठेवलेले असणे, हे अगत्याचे खरे लक्षण. घरच्या फराळात हे लक्षण अजून टिकून आहे. अमक्याला तिखट चकली लागते, तमक्याला बेसनाचा लाडू सोसत नाही, हे करणारीच्या ध्यानात असते. पण फराळाचे ताट बाजूला केले, तर सणाच्या स्वागतातील इतर गोष्टींचे आज काय झाले आहे? आकाशकंदील दुकानातून येतो. दारावरचे तोरण वर्षानुवर्षे न सुकणाऱ्या कृत्रिम फुलांचे असते. शुभेच्छा तर भ्रमणध्वनीवर कोणाकडून तरी आलेल्या, आणि तशाच पुढे ढकललेल्या. वस्तू विकत घेणे हा काही गुन्हा नव्हे. शेतकऱ्याने पणत्या कुंभाराकडून घेतल्या आणि घोंगडे सनगराकडून घेतले, यात गावाची शोभाच होती. आक्षेप आहे तो निराळ्याच गोष्टीला. आजच्या या तयार वस्तूंमुळे येणाऱ्या माणसाचा क्षणभरही विचार न करता त्याचे स्वागत उरकता येऊ लागले आहे. हाताने केलेल्या कागदी वस्तूची आणि हाताने लिहिलेल्या भेटकार्डाची बाजू घ्यावयाची ती एवढ्यासाठीच. ती वस्तू करताना माणसाला दुसऱ्याची आठवण काही काळ तरी मनात धरून ठेवावीच लागते.

आकाशकंदिलाचेच पाहा. चांदणीचा कंदील करावयाचा तर बांबूच्या सारख्या लांबीच्या बारीक कामट्या तासून घ्याव्या लागतात. तीन कामट्यांचा एक त्रिकोण. त्यावर उलटा ठेवलेला दुसरा त्रिकोण. अशी झाली एक षट्कोनी चांदणी. तशाच दोन चांदण्या टोकांशी दोऱ्याने बांधावयाच्या आणि मधल्या सहा कोपऱ्यांत आखूड कामट्या आडव्या अडकवून त्या एकमेकींपासून दूर सारावयाच्या, म्हणजे कंदिलाला पोट येते. त्रिकोणांच्या बाजू सारख्या नसतील तर चांदणी लंगडी होते आणि कितीही झिरमिळ्या लावल्या तरी तिचे लंगडेपण झाकत नाही. नंतर कागद चिकटविणे. त्यासाठी बाटलीतला डिंक आणावयाची गरज नाही. गव्हाच्या पिठाची खळ चुलीवर पाच मिनिटांत होते, आणि माणदेशाला तर चिंचोक्याची खळ काही नवी नाही. घोंगडीच्या ताण्याला ताठपणा यावा म्हणून विणकर पिढ्यान्‌पिढ्या तीच वापरीत आले आहेत. खळीत चिमूटभर मोरचूद टाकली तर किडे कागदाला तोंड लावीत नाहीत, ही बांधणीकाराची युक्तीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मात्र मोरचूद विषारी असते, म्हणून ते काम मोठ्या माणसाकडेच असावे.

कागद कोणता लावावा याबद्दल बाजाराचे आणि रसिकतेचे एकमत नाही. जिलेटीनचा कागद चकचकीत दिसतो म्हणून मुले त्याकडे धावतात. पण तो पारदर्शक असल्यामुळे आतला दिवाच तेवढा डोळ्यांत शिरतो. पतंगी कागदाचे गुंतलेले तंतू प्रकाश विखरून टाकतात, त्यामुळे चांदणीची पाकळीन् पाकळी सारखी उजळते आणि दिवा कोठे आहे हे कळतही नाही. जुन्या लोकांनी पतंगी कागद निवडला तो केवळ स्वस्त म्हणून, असे मानणे त्यांच्या नजरेवर अन्याय करणारे आहे.

जर्मनीतल्या नीस्की या गावीही असाच एक कंदील जन्मास आला. तेथील मोरावियन पंथीयांच्या शाळेत १८३० नंतरच्या दशकात भूमितीच्या तासाला मुलांकडून कागदाच्या अनेक टोकांच्या चांदण्या करवून घेत. भूमितीचा तो पाठ पुढे घरोघर नाताळच्या दिवसांत टांगला जाऊ लागला आणि आज तो जगभर ओळखला जातो. आपल्याकडेही टी. सुंदर राव नावाच्या गृहस्थांनी १८९३ साली मद्रासेस एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, ते नुसत्या कागदाच्या घड्या घालून भूमितीचे सिद्धांत समजावून देणारे. हातकाम आणि बुद्धीचे काम यांच्यामध्ये भिंत बांधणाऱ्यांनी या दोन उदाहरणांचा अवश्य विचार करावा.

भेटकार्डाची कथा याहून बोधप्रद आहे, कारण तिच्या मुळाशीच वेळेची टंचाई आहे. लंडनमध्ये हेन्री कोल नावाचे एक उद्योगी गृहस्थ राहत. १८४० साली तेथे एका पेनीत पत्र पोचविण्याची सोय झाली आणि लोकांच्या पत्रांचा पूर लोटला. नाताळात आलेल्या साऱ्या पत्रांना उत्तरे लिहिणे कोलसाहेबांच्या शक्तीबाहेरचे झाले. तेव्हा १८४३ साली त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले, खाली शुभेच्छेची ओळ छापली आणि त्याच्या सुमारे एक हजार प्रती काढल्या. एका कार्डाची किंमत एक शिलिंग. त्या काळी ही काही लहान रक्कम नव्हे. पत्र लिहिण्यास सवड नाही म्हणून पत्राऐवजी पाठविण्याची वस्तू, असा हा छापील भेटकार्डाचा जन्म आहे. त्याच्या सौंदर्यासंबंधी कितीही गोडवे गायिले, तरी हे मूळ विसरता येत नाही. अमेरिकेत ज्या अॅना जार्व्हिस यांच्या खटपटीने १९१४ साली मातृदिनास राष्ट्रीय मान्यता मिळाली, त्याच बाईंनी पुढे छापील कार्डे आणि फुले विकणाऱ्यांविरुद्ध हयातभर झगडा केला. आईला चार ओळी स्वतःच्या हाताने लिहिण्याचाही ज्याला आळस, त्याच्या विकत घेतलेल्या मायेची त्यांना चीड होती. त्यांचा झगडा एकांगी वाटला, तरी त्यांचे दुखणे खरे होते.

तयार शुभेच्छांची सोय आपल्या देशातही होती. तारखात्याने सणावारांच्या आणि मंगलप्रसंगांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक देऊन ठेवले होते. पाठविणाऱ्याने क्रमांक तेवढा लिहावा. तार मिळणाऱ्याच्या हाती सबंध वाक्य पडे. दिवाळीला एक अंक, लग्नाला दुसरा. २०१३ च्या जुलै महिन्यात ही तारसेवाच बंद झाली. तथापि तारेची बाजू एका बाबतीत बळकट होती. ती पाठविण्यासाठी माणूस कचेरीपर्यंत चालत जाई, पैसे मोजी, एका नेमक्या माणसाचे नाव लिही. आजचा संदेश एका बोटासरशी दीडशे जणांना जातो, आणि त्या दीडशेंत आपण एकशे सदतिसावे असू, हे मिळणाऱ्याला पक्के ठाऊक असते. त्यालाही वेळ नसतो. तो दोन जोडलेल्या हातांचे चित्र उलट टपाली धाडून मोकळा होतो.

याउलट महाराष्ट्रात संक्रांतीला एक चाल होती, ती आठवावी. दूरच्या आप्तांना एक लहानसे कार्ड पाकिटातून पाठवीत आणि त्याबरोबर चिमुकल्या कागदी पुडीत हलव्याचे चार दाणे किंवा थोडा तिळगूळ असे. टपालाच्या शिक्क्याखाली त्याचा चुरा होई. पाकीट उघडताना दोन दाणे जमिनीवर सांडत. पण तो चुरा मुले भांडून खात आणि वडीलधारी माणसे कार्ड भिंतीवरच्या तसबिरीच्या मागे खोचून ठेवीत. त्या पाकिटातून काय जात होते? तिळगुळाचा तोटा तर कोणाच्याच घरी नव्हता.

कार्डाचा मोल चित्रकलेवर अवलंबून नाही, हे एका लहान मुलीने जगाला दाखवून दिले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातील रुडोल्फो या खेड्यातील मुलांना संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीकडून मदत मिळाली होती. तेथील यित्का साम्कोव्हा ही सात वर्षांची मुलगी. त्या मदतीचे आभार मानण्यासाठी तिने नाचणाऱ्या मुलांचे एक चित्र काढले, ते काचेच्या तुकड्यावर. कारण शाळेत कागदच नव्हता. तिच्या बाईंनी ते चित्र बालनिधीच्या कचेरीकडे धाडले, आणि १९४९ साली त्याच चित्राचे त्या संस्थेचे पहिले भेटकार्ड निघाले. पुढे अशा कार्डांच्या विक्रीतून जगातल्या गरजू मुलांसाठी पैसा उभा राहू लागला. कागद नसताना ज्या मुलीला कार्ड सुचले, तिच्यापुढे ‘सामान नाही’ ही सबब कोणी सांगावी?

सामानाचा विषय निघालाच आहे, तर हातकागदाविषयी लिहिणे प्राप्त आहे. कागद हाताने करण्याची कला महाराष्ट्राला परकी नाही. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेस हलविली, तेव्हा त्याच्याबरोबर कागद करणारे कारागीर आले आणि त्यांचे गाव कागजीपुरा म्हणून वसले, असे परंपरा सांगते. मराठेशाहीच्या दप्तरांत दौलताबादी व जुन्नरी कागदाचा बराच वापर झालेला आहे. जुने दोरखंड, गोणपाट, चिंध्या चुन्याच्या पाण्यात कुजवावयाच्या; ढेकीने कुटून त्यांचा लगदा करावयाचा; हौदाच्या पाण्यात तो कालवून गवताच्या काड्यांच्या चाळणीवर अलगद उचलावयाचा; ओला ताव भिंतीवर वाळवावयाचा; आणि खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटावयाचा, असा तो उद्योग. यंत्रावरच्या स्वस्त कागदापुढे तो बसला. पुढे महात्माजींच्या प्रेरणेने १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला, त्या चळवळीतून या धंद्याला पुन्हा धुगधुगी आली, आणि १९४० साली पुण्यात हातकागदाची संस्था उभी राहिली. सुती चिंध्यांपासून तेथे होणारा कागद जाड, मऊ आणि टिकाऊ असतो. त्याचीच पाकिटे, कार्डे, पिशव्या होतात.

या कागदाचा एक गुण कार्ड करणाऱ्याने मुद्दाम पाहून ठेवावा. यंत्राच्या धावत्या जाळीवर लगदा पडतो तेव्हा बहुतेक तंतू एकाच दिशेने निजतात. त्या दिशेने तो कागद सरळ फाटतो आणि सुबक दुमडतो. आडव्या दिशेने दुमडला तर घडीवर भेगा पडतात. हातकागदाची चौकट कारागीर चारी बाजूंना हेलकावतो, म्हणून त्यातील तंतू सर्व दिशांना पसरून एकमेकांत गुंततात. यंत्राचा जाड कागद घ्यावाच लागला तर एक तुकडा दोन्ही बाजूंनी फाडून तंतूंची दिशा पाहावी, शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या आधारे हलकी रेघ दाबावी आणि मग घडी घालावी. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे, जुन्या दिनदर्शिकांची पाने यांतूनही उत्तम कार्डे होतात. २०१८ साली राज्य शासनाने प्लॅस्टिक व थर्माकोल यांच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, तेव्हा गणपतीच्या मखरासाठी लोकांना कागद आणि पुठ्ठा पुन्हा आठवला. तसे पाहिले तर बंदीची वाट पाहावयास नको होती.

आता दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे, कारण ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप घरातल्या स्त्रीचा. फराळ तिने करावयाचा, घर तिने सारवावयाचे, पाहुण्यांची अंथरुणे तिने घालावयाची आणि वर पुन्हा कार्डेही तिनेच कातरावयाची काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर स्पष्ट आहे : मुळीच नाही. कंदील आणि कार्डे हे काम घरातल्या मुलांचे आणि पुरुषांचे. सणाच्या आदल्या आठवड्यात जे हात पारावर पत्ते पिसतात, त्या हातांना कामट्या तासता येणार नाहीत असे नाही. स्वागताचा सारा भार एकीच्या पाठीवर टाकून ‘आमच्या घरी अगत्य फार’ असे मिरविणाऱ्या घरांत अगत्य एकीचेच असते. बाकीचे तिचे पाहुणे!

दुसरा आक्षेप शाळांकडे बोट दाखवितो, आणि तो अधिक बोचणारा आहे. हाताने केले म्हणजे त्यात आपोआप जीव येतो, हा भ्रम आहे. फळ्यावर एक पणती काढावी, चाळीस मुलांनी ती वहीत उतरावी, खाली ‘शुभ दीपावली’ लिहावे आणि गुरुजींनी दहापैकी आठ गुण द्यावेत : अशा चाळीस कार्डांत आणि छापखान्यातल्या चाळीस प्रतींत भेद तो काय? छापखान्याची पणती निदान सुबक असते. कित्येक घरी तर मुलाच्या नावाने बापच रात्री जागून कंदील करतो आणि बक्षीस मात्र मुलगा घेतो. अशा हातकामाने मुलाला दुसऱ्याच्या श्रमावर आपले नाव घालण्याचे शिक्षण मिळते. शिक्षकाने मुलाला पणती काढावयास सांगण्याआधी एक प्रश्न विचारावा : हे कार्ड कोणाला द्यावयाचे? मुलाने नाव सांगितले की अर्धे कार्ड तयार झाले. आजीला द्यावयाचे असेल तर अक्षर मोठे हवे, कारण तिला बारीक दिसत नाही. धाकट्या भावासाठी असेल तर उघडताच आतून काही तरी उभे राहिले पाहिजे. वाचता न येणाऱ्या काकांसाठी असेल तर चित्रानेच सांगता आले पाहिजे. हे ज्या मुलाला सुचले, त्याची रेघ वाकडी आली तरी चालेल.

आलेल्या पाहुण्यांच्या बाबतीतही हाच न्याय. जाताना त्यांच्याबरोबर फराळाची पुडी देण्याची रीत आहेच. त्या पुडीवर घरातल्या मुलाने कागदाची एक करंजी कातरून चिकटविली आणि पाहुण्याचे नाव लिहिले, तर त्याला काडीचाही खर्च येत नाही. लग्नाची पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवण्याची चाल म्हसवडलाही आहे. पत्रिका छापील असली तरी तीवर कुंकवाचे बोट घरच्या माणसाचेच उमटते. छापील कागदाला आपल्या हाताचा स्पर्श झाल्यावाचून तो पाठवू नये, हे जुन्या माणसांना कोणी शिकविले नव्हते.

मात्र खरी कसोटी लागते ती जो येऊ शकत नाही त्याच्यासाठी लिहिताना. गलाईच्या भट्टीपुढे बसलेल्या, दूर गावच्या माणसाला सणाची सुट्टी मिळत नाही. त्याच्या कार्डावर ‘ही दिवाळी आपणांस सुखसमृद्धीची जावो’ एवढेच लिहून भागणार नाही. हे वाक्य त्याला त्याच्या पेढीच्या मालकाकडूनही मिळाले असेल. त्याला हवी आहे घरची खबर. विहिरीला यंदा किती पायऱ्या पाणी आहे. शेळीला दोन करडे झाली, त्यांतले एक पांढरे आहे. आजीचा गुडघा दुखतो, पण रथापर्यंत ती चालत जाणार म्हणते. अंगणातल्या कंदिलाला या वर्षी हिरवा कागद लावला आणि त्याची एक पाकळी धाकटीने फाडली. त्या हिरव्या कागदाचा उरलेला तुकडा कार्डाच्या कोपऱ्यात चिकटवून द्यावा. आणि हे सारे पाडव्याच्या निदान आठ दिवस आधी टपालपेटीत पडावे, म्हणजे ते त्याला वेळेवर मिळेल.